वडिलांचे जाणे आणि चारचौघांत झालेली नाचक्की यांचे गाणे करता येते का? सोल संगीत ऐकणाऱ्यांकडून मार्गदर्शन हवे आहे

कळवा_खाडी

नमस्कार. मी कळव्याला राहते, ठाण्यातील एका कार्यालयात हिशेब पाहते आणि गेली अठरा वर्षे गाते. सुरुवातीची आठ वर्षे शास्त्रीय संगीत शिकले. पुढे एका मैत्रिणीमुळे सोल संगीत, म्हणजे अमेरिकेतील काळ्या लोकांच्या प्रार्थनागीतांतून निघालेले गाणे, कानावर पडले आणि तेव्हापासून मराठी-हिंदी गाण्यांच्या बरोबरीने तेही गाऊ लागले. प्रश्न विचारण्याआधी थोडी हकीकत सांगणे भाग आहे.

गेल्या श्रावणात माझे वडील गेले. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात मी दरवर्षी गाते आणि दरवर्षी ते पहिल्या रांगेत उजव्या टोकाला बसत, कारण तेथून त्यांना तबलजीचे हात दिसत. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला बजावले होते की यंदाचे गाणे चुकवायचे नाही. वर्षभर घरात सण नसतो हे ठाऊक होते. तरीही आईला विचारून, ते गेल्यानंतर तेविसाव्या दिवशी मी मंडपात उभी राहिले. दुसऱ्या अंतऱ्यात त्या टोकाकडे नजर गेली, आवाज फुटला, शब्द आठवेनात, आणि मी गाणे अर्धवट सोडून खाली उतरले.

कोणीतरी त्याचा एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. त्याला विनोदी संगीत जोडून तो आधी वसाहतीच्या ग्रुपवर, मग नातेवाइकांच्या आणि शेवटी माझ्या कार्यालयातील ग्रुपवर फिरला. काही जण फुटलेल्या आवाजाला हसले. इतरांनी लिहिले की बाप जाऊन महिना झाला नाही आणि ही माइक धरून उभी आहे. मी गायले म्हणून दोषी आणि गाऊ शकले नाही म्हणूनही दोषी, असे दोन्हीकडून झाले. त्याला आता अकरा महिने होत आले. घरी रियाज होतो, पण चार माणसांसमोर तोंड उघडत नाही.

या काळात मी चार कडवी लिहिली आणि त्यांना सोलच्या अंगाने चाल लावली. पहिली दोन आणि चौथे वडिलांवर आहे. तिसरे त्या व्हिडिओवर आहे आणि त्यात हसणाऱ्या एका व्यक्तीचा उल्लेख ओळखू येईल असा आहे. सोलमधील मोठ्या गायकांवर शोक आणि अपमान दोन्ही आले आणि त्यांनी त्यांचे गाणे केले, एवढे मला माहीत आहे. ते त्यांनी नेमके कसे केले, हे मला समजून घ्यायचे आहे. अपमान थेट सांगावा की सांगू नये? वडिलांच्या मृत्यूचा मी वापर करते आहे, ही टोचणी कशी घालवावी? आणि मराठी भाषा या गाण्याला सोसते का? कृपया सविस्तर लिहावे.

पांढरी चार

ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटले. मी सत्तरी ओलांडली आहे, नौपाड्यात हार्मोनियमच्या शिकवण्या घेतो, आणि कॅसेटच्या दिवसांपासून सोल ऐकत आलो आहे. तुमचा प्रश्न वाचताच मला अमेरिकी सोल गायक सॅम कुक आठवला, कारण शोक आणि जाहीर अपमान या दोन्ही गोष्टी त्याच्यावर चार महिन्यांच्या आत कोसळल्या होत्या.

तो धर्मोपदेशकाचा मुलगा. १९५० च्या अखेरीस, विशीतही पोहोचला नव्हता तेव्हा, तो सोल स्टिरर्स या गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या, गटाचा प्रमुख गायक झाला. लौकिक गाणी गाण्याची इच्छा झाली तेव्हा भाविक श्रोते नाराज होतील या भीतीने त्याने पहिली तबकडी डेल कुक या टोपणनावाने काढली. पण तो गळा लपण्यासारखा नव्हता, लोकांनी ओळखलाच. देवाची गाणी सोडून बाजारात गेला हा ठपका त्याने तेव्हापासून सोसला. तुमच्यावर आलेला ‘आता गाण्याची वेळ आहे का’ हा ठपका मला त्याच जातीचा वाटतो, म्हणून हे आवर्जून लिहिले.

जून १९६३ मध्ये त्याचा दीड वर्षांचा मुलगा व्हिन्सेंट घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून गेला. त्यानंतर ८ ऑक्टोबर १९६३ रोजी लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे, आधी खोली राखून ठेवलेली असताना, हॉलिडे इनच्या दारात त्याला, त्याच्या पत्नीला आणि सोबत्यांना जागा नाही असे सांगण्यात आले, कारण ते काळे होते. तो चिडला, निघायला तयार होईना, गाडीचा भोंगा वाजवत राहिला. शेवटी शहरातील दुसऱ्या मोटेलपाशी पोलिसांनी त्याला आणि सोबत्यांना शांतताभंगाच्या आरोपाखाली अटक केली. ज्याच्या तबकड्या देशभर विकल्या जात होत्या त्या माणसाच्या अटकेची बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आली. व्हॉट्सॲप नव्हते, एवढाच फरक.

आता त्याने काय केले ते पाहा. ‘अ चेंज इज गॉना कम’ हे गाणे त्याने ३० जानेवारी १९६४ रोजी हॉलिवूडमधील आरसीए या तबकडी कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. म्हणजे अपमानानंतर चार महिन्यांच्या आत. त्या गाण्यात श्रीव्हपोर्ट नाही, हॉटेल नाही, दारावरचा कारकून नाही, मुलगाही नाही. नदीकाठच्या एका तंबूत जन्मलेला माणूस आहे, जगणे कठीण आहे आणि मरणाची भीती वाटते असे म्हणणारा. इथे थांबू नकोस असे त्याला कोणीतरी सांगते, आणि तेही शहरातल्या चित्रपटगृहापाशी. ज्याच्याकडे तो मदत मागायला जातो तो भाऊच त्याला पुन्हा गुडघ्यांवर पाडतो. या शेवटच्या तपशिलाकडे लक्ष द्या, कारण मला तो सर्वांत धाडसी वाटतो. हॉटेलवाल्याला त्याने गाण्यात जागा दिली नाही, पण आपल्याच माणसाने केलेला घाव मात्र ठेवला, आणि तोही नाव न घेता.

गाण्याची मांडणीही शिकण्यासारखी आहे. संयोजक रेने हॉल यांनी तंतुवाद्ये, फ्रेंच हॉर्न आणि टिंपनी हे मोठे नगारे घेऊन एखाद्या सिंफनीसारखा प्रारंभ केला, आणि त्या भारदस्त चौकटीत गायकाचा आवाज शांत ठेवला. रडण्याचे काम वाद्यांनी केले, म्हणून गायकाला रडावे लागले नाही. तुमच्या बाबतीत मी एवढेच सुचवीन की तुमची पट्टी, म्हणजे ज्या सुरावरून गाता तो सूर, एक स्वर खाली घ्या. दुःखाने गळा दाटला की वरचे स्वर लागत नाहीत आणि आवाज फुटतो. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

गाण्याचे पुढचे दैव दुःखद आहे. ११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसमधील एका मोटेलमध्ये गोळी लागून तो मेला, वय ३३. हे गाणे स्वतंत्र तबकडीवर आले ते त्यानंतर अकरा दिवसांनी, आणि चित्रपटगृहापाशी अडवले जाण्याचे कडवे रेडिओसाठी त्यातून गाळलेले होते. त्याला ज्या प्रकारे हॉटेलच्या दारातून परत पाठवले, त्याला अमेरिकेत कायद्याने बंदी जुलै १९६४ मध्येच आली होती. श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी कुटुंबाची माफी मागितली ती २०१९ मध्ये.

नेरूळची वाचक

वरील प्रतिसाद फार मोलाचा आहे, मात्र एका मुद्द्यावर माझे मत निराळे आहे. अपमान गाण्यात थेट आणूच नये असा निष्कर्ष कोणी त्यातून काढू नये. मार्व्हिन गे या अमेरिकी सोल गायकाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत.

त्याची सहगायिका टॅमी टेरेल १९६७ मध्ये व्हर्जिनियातील एका महाविद्यालयाच्या रंगमंचावर गाता गाता त्याच्या हातांत कोसळली. मेंदूत गाठ निघाली आणि मार्च १९७० मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, ती गेली. त्यानंतर तो दीर्घकाळ रंगमंचापासून दूर राहिला. कळवा_खाडी, तुम्हाला चार माणसांसमोर तोंड उघडत नाही याचा जो अपराध वाटतो आहे, त्यासाठी हे सांगते. त्याच काळात त्याने ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम घडवला, जो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या तबकड्या काढणाऱ्या मोटाउन कंपनीच्या प्रमुखाला त्याचे शीर्षकगीत विकले जाणार नाही असे वाटत होते. व्हिएतनामहून परतलेल्या त्याच्या भावाचे अनुभव त्यात आले आणि स्वतःचा शोक त्याने जगाच्या विचारपुशीत विरघळवला. गाण्याची सुरुवात तर मित्रांच्या बोलण्याने, एकमेकांचे स्वागत करणाऱ्या आवाजांनी होते. शोकातून बाहेर येणारा माणूस आधी घरात चार माणसे बोलावतो, तशी ती सुरुवात मला नेहमी वाटत आली आहे.

पुढे त्याचा ॲना गॉर्डीशी घटस्फोट झाला, आणि तडजोडीनुसार येणाऱ्या अल्बमच्या उत्पन्नातून तिला रक्कम द्यायची असे ठरले. मग १९७८ च्या अखेरीस ‘हिअर, माय डिअर’ आला. त्यात त्याने वकील, पैसे, मुलगा, कडवटपणा, सारे उघड मांडले. तेव्हा तो अल्बम फारसा चालला नाही, पण आज अनेक जाणकार त्याला त्याच्या उत्तम कामांत गणतात. मी तो दर वर्षी एकदा पूर्ण ऐकते, आणि प्रत्येक वेळी मला असे जाणवते की जिथे तो स्वतःलाही दोषी धरतो तिथे गाणे उंच जाते आणि जिथे फक्त हिशेब चुकता करतो तिथे ते खाली बसते. त्यामुळे तुमचे तिसरे कडवे ठेवायचे की नाही, यासाठी ही एक कसोटी वापरून पाहावी. त्या कडव्यात तुम्ही स्वतः कुठे आहात?

ध्वनीवाला_वाशी

मी कार्यक्रमांना ध्वनिव्यवस्था पुरवतो. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहापासून ऐरोलीच्या मैदानी मंडपांपर्यंत बरीच वर्षे गायकांच्या मागे उभा राहिलो आहे, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट सावधगिरीची आहे. दुःखाचे गाणे झाले की दुःख संपते, असे समजून कृपया पुढे जाऊ नका. एमी वाइनहाउस या ब्रिटिश सोल गायिकेचे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले. २००६ मध्ये तिची आजी गेली. आजी स्वतः गायिका होती आणि नातीचा मोठा आधार होती. त्याच वर्षी तिचा ‘बॅक टू ब्लॅक’ हा अल्बम आला आणि २००८ मध्ये तिला एका रात्रीत पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. पण ज्या व्यसनावर आणि विरहावर तिने गाणी केली, त्याच गोष्टींची लंडनची वर्तमानपत्रे रोज छायाचित्रे छापत होती. १८ जून २०११ रोजी बेलग्रेडच्या मैदानावर तिला गाता आले नाही, लोकांनी हुर्यो उडवली, आणि त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. पुढचा दौरा रद्द झाला आणि पाच आठवड्यांनी, २३ जुलै रोजी, २७ व्या वर्षी ती गेली. मद्याच्या अतिसेवनाने तो मृत्यू झाला, व्हिडिओंमुळे झाला असे मी म्हणणार नाही. पण रंगमंचावर जिला उभे राहता येत नाही तिला कोणी हात धरून खाली न्यायला हवे होते, आणि ते काम आमच्यासारख्या मागे उभ्या असलेल्या माणसांचे असते. तुम्ही त्या दिवशी स्वतः खाली उतरलात, ते योग्य केलेत. पुढच्या वेळी मंचाच्या कडेला एक तरी माणूस असा ठेवा ज्याला तुमच्या नुसत्या खुणेवर माइक बंद करायचे ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. मार्व्हिन गेचा विषय निघालाच आहे, तर ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये त्याचेच दोन आवाज एकमेकांवर ऐकू येतात, ते मुळात योगायोगाने घडले. त्याने गायलेली दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणे अभियंत्याने एकत्र वाजवली, ती त्याला आवडली आणि पुढे ती त्याची ओळखच झाली. तुम्ही आधी घरी, मोबाइलवर का होईना, गाणे दोनदा ध्वनिमुद्रित करा. एकदा आवाज फुटला तर फुटू द्या, तो पुसू नका. दुसऱ्यांदा सावकाश, खालच्या आवाजात गा. मग दोन्ही एकत्र ऐका. फुटलेल्या आवाजाच्या शेजारी तुमचाच दुसरा आवाज उभा असेल. ध्वनिमुद्रण मला पाठवलेत तर दोन्हींची पातळी मी जुळवून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

मध्यलय

मराठी सोसते का, या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो.

सोलची मुळे गॉस्पेलमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या सभेत आहेत. एकाने ओळ टाकायची आणि जमलेल्यांनी ती झेलायची. ही रीत आपल्याला परकी नाही. कीर्तनात बुवा ओळ घेतात आणि टाळकरी ध्रुपद उचलतात, तेव्हा तेच घडत असते. अडचण शब्दांच्या शेवटांची आहे. मराठीतले कितीतरी शब्द बोलताना व्यंजनावर संपतात. ‘घर’, ‘आवाज’, ‘दार’ यांवर लांब स्वर धरता येत नाही, धरला तर शब्द मोडतो. ‘गेला’, ‘नाही’, ‘राहू’, ‘माझे’ अशा दीर्घ स्वरान्त शब्दांवर मात्र गळ्याला हवे तेवढे फिरता येते. म्हणून ओळीच्या शेवटी कोणता शब्द येतो याचा विचार चाल लावण्याआधी करा. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे माप घेऊन पाहिले तरी चालेल. शेवटचा चार अक्षरांचा आखूड चरण श्रोत्याला थबकवतो, आणि सोलमध्ये जिथे गायक शब्द सोडून नुसत्या स्वरावर जातो ती जागा तिथे आयती मिळते.

आणि अपमानाबद्दल म्हणाल, तर आपल्याकडे ही परंपरा सोलच्या कितीतरी आधीची आहे. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई, डोईचा पदर खांद्यावर आला तरी भर बाजारात जाईन, असे गाते. लोक काय म्हणतील याची भीती तिने गाण्यात आधीच संपवून टाकली आहे. तिचे अभंग आणि आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या एकाच अंगणातल्या आहेत. बाईने एकटीने, पहाटे, दगडाच्या घरघरीच्या आडोशाने आपले दुःख मोठ्याने म्हणायचे, आणि कोणी विचारलेच तर मी दळत होते असे सांगायचे.

पांढरी चार यांनी हॉटेलच्या दाराचे सांगितले तेव्हा मला चोखोबा आठवले. त्यांना पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. अंगण बाटेल म्हणणाऱ्या जगात ते बाहेर उभे राहिले आणि तिथून त्यांनी जे गायले ते आत असलेल्यांच्या तोंडी आज सातशे वर्षांनीही आहे. त्यांची समाधी महाद्वारापाशीच आहे. ते दार दलितांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. चोखोबांची पत्नी सोयराबाई तर विटाळ या शब्दालाच प्रश्न विचारते. अडवणाऱ्या माणसाचे नाव या दोघांपैकी कोणीही घेतलेले मला आठवत नाही.

वडिलांचा वापर होतो आहे का, ही तुमची टोचणी मी समजू शकतो. माझ्या मते त्याचे उत्तर तपशिलात आहे. नुसता ‘बाबा’ हा शब्द घालून टाळ्या मिळवल्या तर तो वापर ठरेल. तबलजीचे हात दिसावेत म्हणून उजव्या टोकाला बसणारा माणूस गाण्यात आला, तर तो त्यांचा मान राहील. तुमच्या कडव्यांत तो आहे का? तुमच्या प्रश्नात तो आला आहे, म्हणून विचारतो.

कळवा_खाडी

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण गाणे पुन्हा उघडले होते.

नेरूळच्या वाचक ताईंची कसोटी लावली तेव्हा लक्षात आले की तिसऱ्या कडव्यात मी कुठेच नाही, फक्त तो हसणारा माणूस आहे. ते कडवे काढले. मात्र त्यातली एक ओळ ठेवली आहे. व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला त्या रात्री मी तो एकदाच नाही, सतरा वेळा पाहिला होता, आणि सतराव्या वेळी मला त्यात हसण्याच्या मागे मांडीवर हलका ठेका धरणारा कोणाचा तरी हात ऐकू आला. मी थांबल्यावरही तो आवर्तन पुरे करेपर्यंत थांबला नव्हता. तो कोणाचा हात होता हे मला अजून कळलेले नाही. आता तिसरे कडवे त्या हातावर आहे.

मध्यलय यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की उजवे टोक माझ्या गाण्यात नव्हते. प्रश्न लिहिताना ते सहज लिहून गेले आणि गाण्यात मात्र मी वटवृक्ष आणि सावली लिहीत बसले होते. ते सारे खोडले. चौथ्या कडव्याच्या ओळी आता ‘नाही’ आणि ‘गेला’वर संपतात.

ध्वनीवाला_वाशी दादांनी सांगितल्याप्रमाणे दोन ध्वनिमुद्रणे केली आहेत आणि आज रात्री पाठवते. पहिल्यात आवाज दोनदा फुटला आहे. दोन्ही एकत्र ऐकताना आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कोण दुसरी गाते आहे असे विचारू लागली.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या संध्याकाळी घरीच, आई, काका, माझी मैत्रीण आणि वडिलांच्या बरोबर भजनाला बसणारे तीन जण, इतक्यांसमोर गायचे ठरवले आहे. भजनातले तबलजी काका येतो म्हणाले आहेत. पट्टी काळी पाचवरून काळी चारवर आणली आहे.